बाबांचे मृत्युपत्र मराठीतच का लिहिले

भाताची लावणी आटोपली त्या आठवड्यात बाबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली आणि मृत्युपत्र करायचे आहे, असे सांगितले. त्यांचे वय ७९. गुडघे साथ देत नाहीत, पण बुद्धी शाबूत आहे, आणि ती शाबूत असतानाच हे काम उरकावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतरचे जवळजवळ चार महिने आम्ही दोघांनी वकिलांकडे, तहसीलदार कार्यालयात आणि नोंदणी कार्यालयात हेलपाटे घातले. या विषयावर पुण्यामुंबईच्या लोकांनी लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या अडचणी निराळ्या आहेत आणि त्या कोणी लिहून ठेवलेल्या मला सापडल्या नाहीत, म्हणून हा सविस्तर लेख.

त्या पेटीत तीन प्रकारचे कागद निघाले. सर्वांत तळाशी पणजोबांच्या वेळचे एक खरेदीखत होते, मोडीत लिहिलेले, घडीवर फाटत आलेले. त्यावर मुंबई इलाख्याच्या काळातले मराठी उतारे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि त्यानंतरच्या कागदांवर हळूहळू मराठी कमी होत गेल्याचे त्या गठ्ठ्यात डोळ्यांनी दिसते. संगणकावर निघालेल्या पहाणी उताऱ्यावर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबारावर, तर एकही मराठी अक्षर नाही. तिसरा प्रकार महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या ३० गुंठ्यांच्या सातबाराचा. ती जमीन आईच्या माहेरची. म्हणजे एकाच घरची मालमत्ता दोन राज्यांत आणि तिचे कागद तीन लिपींत.

प्रथम आम्ही सगळेच करतात तसे केले. कोर्टाच्या आवारातल्या एका बाँड रायटरकडे, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याकडे गेलो. त्याने बाबांचे आधार कार्ड आणि पहाणी घेतली, आणि संध्याकाळपर्यंत चार पानांचा कन्नड मसुदा हाती ठेवला. बाबा मराठी शाळेत शिकले, पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत वीस वर्षे नोकरी केली. बाजारापुरते कन्नड ते अस्खलित बोलतात, परंतु वाचता येत नाही. घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावून ती चार पाने उलटून पाहिली, स्वतःचे नाव कोठे आहे ते मला विचारले, आणि पाने पुन्हा पाकिटात घालून म्हणाले, "यात मी काय म्हटलंय, ते मलाच ठाऊक नाही." तो मसुदा चूक होता असे मी म्हणत नाही, तो चांगला की वाईट हे ठरवण्याची सोयच बाबांना नव्हती. तेथूनच आम्ही वकिलांकडे जायचे ठरवले.

ज्या वकीलबाई आम्हाला मिळाल्या त्या दिवाणी दावे चालवतात, मराठी आणि कन्नड दोन्ही लिहितात. पहिल्या भेटीत त्यांनी एक ओळही लिहिली नाही. तो कन्नड मसुदा वाचून त्यांनी बाबांना विचारले, "काका, तुमची सही मराठीत ना? उद्या हे कोर्टात गेलं, तर समोरचा वकील साक्षीदाराला पहिला प्रश्न कोणता विचारेल, सांगू?" प्रश्न असा, की कन्नड न वाचता येणाऱ्या माणसाने कन्नड दस्तावर देवनागरीत सही केली, तेव्हा हा मजकूर त्याला कोणी वाचून दाखवला, कोणत्या भाषेत समजावला, आणि ते तुम्ही ऐकले काय. न समजणाऱ्या भाषेतले मृत्युपत्र तेवढ्यावरून रद्द होत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. परंतु मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय फेडण्याची जबाबदारी ते मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९५९ साली म्हैसूर राज्यातूनच गेलेल्या वेंकटचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या खटल्यात सांगितले, आणि मृत्युपत्राच्या प्रत्येक वादात ते आजही पुढे येते.

मृत्युपत्र मराठीत लिहिलेले चालते का, ही शंका आपल्याकडे पुष्कळांना असते. चालते. भारतीय वारसा कायद्यात भाषेची अट नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला समजत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्वसाधारणपणे वापरातही नसेल, तर सोबत भाषांतर जोडावे लागते. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही, असे कोण म्हणेल? तरीही वकीलबाईंनी मराठी मूळ दस्तासोबत कन्नड भाषांतराची प्रत जोडण्याचा सल्ला दिला. बाबांच्या पश्चात पहाणीवर नावे लागण्याचे काम ज्या टेबलावर होणार, तेथील कारकुनाला तो कागद वाचता आला पाहिजे. मूळ कोणते आणि भाषांतर कोणते, हे मात्र दस्तातच लिहिले आहे, म्हणजे दोन्हींत तफावत निघाली तर बाबांचे मराठी शब्द प्रमाण राहतील.

यानंतर मालमत्तेची यादी सुरू झाली, आणि खरे काम येथे होते. बाबांच्या मनातली यादी सोपी होती: गावाकडची ३ एकर १२ गुंठे जमीन, बेळगावातल्या शहापूरचे घर, चंदगडची जमीन, सोसायटीतली ठेव. वकीलबाईंनी त्यातल्या एकेका गोष्टीपुढे एकच प्रश्न ठेवला, की ही तुमच्याकडे कशी आली.

चंदगडची जमीन यादीतून पहिल्याच दिवशी बाहेर पडली. ती आईला तिच्या वडिलांकडून वारसाने मिळालेली आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ती तिची संपूर्ण मालकीची आहे आणि बाबांना तिच्याबद्दल मृत्युपत्रात एक अक्षर लिहिण्याचा अधिकार नाही. पन्नास वर्षे त्या जमिनीतल्या काजूचा हिशेब बाबांनीच ठेवला असल्यामुळे त्यांना ते चटकन पटले नाही. आई शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. वकीलबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुमचं मृत्युपत्र वेगळं करायचं. ते तुम्ही सांगायचं, काकांनी नव्हे."

गावाकडच्या जमिनीचा गुंता अधिक खोल होता. आजोबा १९८३ साली वारले. बाबा तेव्हा नोकरीत होते. रजेवर आले, दिवस केले, आणि परत जाण्यापूर्वी वारसा लावून गेले. पहाणीच्या नऊ नंबरच्या रकान्यात तेव्हापासून एकट्या बाबांचे नाव आहे. माझी आत्या १९७२ साली लग्न होऊन आजऱ्याला गेली होती. तिचे नाव लावायचे असते, हे त्या दिवशी घरात कोणाच्या मनातही आले नाही. आपल्या भागात आजही सरसकट असे समजतात, की लग्न होऊन गेलेल्या मुलीचा वडिलार्जित जमिनीत हक्क राहत नाही. या समजुतीलाही एक कारण आहे. कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत ही लग्नाची अट राहिली नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल, तर ती वाटणी मोडत नाही. आमच्या घरी वाटणी कधी झालीच नव्हती.

"पण पहाणीला तर माझंच नाव आहे," बाबा म्हणाले. वकीलबाईंनी समजावले, की पहाणीतली किंवा सातबारातली नोंद ही महसुलासाठी असते. तिच्याने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नाही म्हणून हक्क जातही नाही. आत्या आज दाव्यात गेली, तर बाबांच्या बरोबरीने हिस्सा मागू शकते. तिने नाही मागितला, तर तिची मुले मागतील. आणि बाबा ज्या जमिनीचे मृत्युपत्र करू पाहत होते, ती सगळी त्यांची नव्हतीच. दोन वाटा होत्या. आत्या राजीखुशीने हक्क सोडणार असेल तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र, नाहीतर वाटणीपत्र. तोंडी "मला काही नको" याला कायद्यात अर्थ नाही.

आम्ही दोघे एका रविवारी आजऱ्याला गेलो. बाबांनी जाताना हक्कसोडपत्राचा मसुदा खिशात घेतला होता. लहान बहीण आपल्याला नाही म्हणणार नाही, याची त्यांना खात्री होती. आत्याने चहा दिला, सगळे ऐकून घेतले, आणि थोडा वेळ थांबून म्हणाली, "मला नको, असं मी कधी म्हणाले होते दादा? मला कुणी विचारलंच नाही." बाबांनी खिशातला कागद बाहेर काढलाच नाही. बेळगावला परत येईपर्यंत गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच वकीलबाईंना फोन करून वाटणीपत्र करायचे, असे कळवले. आत्याने विहिरीकडचे २० गुंठे मागितले. अर्ध्यावर तिचा हक्क असताना तिने एवढेच मागितले, ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवत आहे. भूमापकाकडून अकरा-ई नकाशा, म्हणजे हिस्से पाडण्याचा मोजणी नकाशा, करून घेणे, आम्हा तिन्ही भावंडांच्या सह्या, आत्याला आजऱ्याहून आणणे, यात दोन महिने गेले. मृत्युपत्राआधी हे झाले नसते, तर ते मृत्युपत्र भांडणाचे पहिले पान ठरले असते.

उरलेल्या जमिनीतही बाबांना सगळे लिहून देता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ती वडिलार्जित असल्यामुळे माझा, थोरल्या भावाचा आणि खानापूरला दिलेल्या ताईचा तिच्यात आधीच हिस्सा आहे, आणि मृत्युपत्राने देता येतो तो फक्त बाबांचा स्वतःचा हिस्सा. म्हणून दस्तात जमिनीच्या क्षेत्रापुढे "यांतील माझा जो हिस्सा निघेल तो" अशी शब्दयोजना आहे. चतुःसीमा, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर पहाणीशी ताडून घातले. अकरा नंबरच्या रकान्यात एका जुन्या पीककर्जाचा बोजा अजून दिसत होता. कर्ज केव्हाच फिटलेले, पण नोंद कमी झालेली नव्हती, ती सोसायटीचा दाखला देऊन कमी करून घेतली.

शहापूरचे घर निवृत्तीच्या पैशांतून १९९१ साली घेतलेले, म्हणजे पूर्णपणे बाबांचे स्वकष्टार्जित. ते त्यांना कोणालाही देता येते. बाबांनी सांगितले, "घर हिच्या नावावर, आणि हिच्यानंतर दोन्ही मुलांच्या." वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, घर काकूंच्या मालकीचं करायचं आहे, की हयातभर राहण्यापुरतं द्यायचं आहे?" बाबांना फरक कळेना. फरक मोठा आहे. संपूर्ण मालकी दिली, तर आईला ते विकता येईल, गहाण ठेवता येईल, तिचे मृत्युपत्र करता येईल, आणि मग "तिच्यानंतर मुलांना" हे वाक्य पहिल्या वाक्याशी विसंगत होते. हयातीपुरता हक्क दिला, तर ती राहील, भाडे घेईल, पण विकता येणार नाही. एकाच मृत्युपत्रात दोन्ही गोष्टी मोघमपणे लिहिल्यामुळे वर्षानुवर्षे चाललेले दावे वकीलबाईंच्या कपाटात होते. बाबांनी आईकडे पाहिले आणि म्हणाले, "दवाखान्यासाठी पैसे लागले, तर हिनं मुलांपुढे हात पसरू नये. मालकीचंच लिहा." मुलांचे वाक्य खोडले गेले. त्या दोन मुलांपैकी एक मी आहे, आणि बाबांनी त्या क्षणी बरोबर केले, असे मला मनापासून वाटते.

घर आताच आईच्या नावे बक्षीसपत्र करून द्यावे, असा सल्ला एका नातेवाइकाने दिला होता. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, फाडता येते, नवे करता येते. बक्षीसपत्र एकदा झाले की सहसा परत फिरवता येत नाही. आईवडिलांनी मुलांना बक्षीसपत्र करून दिले आणि मुलांनी नंतर पाहिले नाही, अशी उदाहरणे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे अशा वेळी प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते, परंतु सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहिलेली असणे सर्वांत सुरक्षित. ज्यांना बक्षीसपत्रच करायचे आहे, त्यांनी निदान ती अट घातल्याशिवाय सही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सोसायटीतल्या ठेवीला नॉमिनी मी होतो, म्हणून ती माझी, असे घरात सगळे धरून चालले होते. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. वारस जे असतील त्यांना ते पैसे द्यावे लागतात. मृत्युपत्रात ती ठेव ताईला दिली आहे, आणि नॉमिनीही बदलून तिलाच केले.

साक्षीदारांवरून बाबांचे आणि वकीलबाईंचे थोडे वाजले. कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांनी बाबांना सही करताना पाहिलेले असावे, आणि बाबांसमोर स्वतः सही केलेली असावी. बाबांनी भजनी मंडळातल्या दोन जुन्या सोबत्यांची नावे दिली, एक ७६ वर्षांचे, दुसरे ८१. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करण्याची वेळ आली, तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला उभे करावे लागते, म्हणून साक्षीदार आपल्यामागे राहणारा हवा, गावातच सापडणारा हवा, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते असा नसावा. हे ऐकून बाबा हिरमुसले, कारण त्यांच्या लेखी साक्ष हा मानाचा भाग होता. शेवटी पुतण्याच्या वयाचे दोन शेजारी ठरले, एक शिक्षक आणि एक दवाखान्यातला औषधवाला, आणि भजनी मंडळातले दोघे त्या दिवशी नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकावर येऊन बसले. डॉक्टरांचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही, तरी त्याच सकाळी घेतला.

नावांची जुळवाजुळव हे सीमाभागातले आणखी एक दुखणे. मराठी नाव कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलते. ज्ञानेश्वरसारखे नाव तर दोन्ही भाषांत वेगवेगळे उच्चारले जाते आणि आधारवर एक, पहाणीवर दुसरे असे येते. कोठे आडनाव गळते, कोठे गावाचे नाव आडनावाच्या जागी बसते. बाबांची तीन रूपे निघाली. तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत, असे दस्ताच्या पहिल्या परिच्छेदातच नमूद केले आणि प्रतिज्ञापत्रही करून ठेवले.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावर लिहिलेलेही चालते, आणि आपल्या भागातल्या शेतीघरासाठी प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याचीही सक्ती नाही. तरी नोंदणी केली, कारण अधिकाऱ्यासमोर फोटो आणि अंगठा होतो, आणि मूळ प्रत हरवली तरी नक्कल मिळते. बाबांच्या हयातीत ती नक्कल त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिली जात नाही. त्या दिवशी त्यांनी अधिकाऱ्यासमोर "अक्कलहुशारीने व राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता" या शब्दांपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा मजकूर स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी थांबले. "पत्नी हिस" या शब्दांनंतर आईचे नाव टंकताना वेलांटी चुकली होती. ती हाताने दुरुस्त करून बाजूला सही केली. कन्नड मसुद्यात ही चूक त्यांना कधीच सापडली नसती.

आता आईच्या मृत्युपत्राचे काम सुरू आहे. चंदगडच्या सातबारावर तिचे माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. दस्तात कोणते नाव आधी लिहायचे, असे वकीलबाईंनी तिला गेल्या मंगळवारी विचारले. बाबा उत्तर देणार होते, पण गप्प राहिले. आईने सांगितले, की जमीन वडिलांनी दिली आहे, तेव्हा माहेरचे नाव आधी लिहा.